चिखलात उतरायच्या आधी

श्रुतिका राऊळ तापट आहे, हे भांडुपच्या टेकडीवर कोणाला वेगळं सांगावं लागत नसे. नळावर कोणी मध्येच हंडा घुसवला, की बाकीच्या बायका आपसात कुजबुजत आणि श्रुतिका तो हंडा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवत असे. शेजारच्या काकू तिच्या आईला म्हणत, हिच्या सासरच्यांची काही धडगत नाही. आई त्यावर हसत नसे. तिला मुलीच्या रागापेक्षा एका गोष्टीची जास्त काळजी होती. ही पोरगी रागावते ती बहुतेक वेळा बरोबर असते, आणि बरोबर असलेल्या माणसाला कोणी माफ करत नाही.

वडील, नंदकिशोर राऊळ, पवईच्या एका टॉवरमध्ये लिफ्टच्या देखभालीला होते. मूळचे कुडाळकडचे. कोणावर आवाज न चढवता त्यांनी उभी हयात काढली होती. श्रुतिका घरात पहिलीच कॉलेजात गेलेली. कॉलेज जवळचंच, रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर. नाव सांगून काही उपयोग नाही. अशी कॉलेजं कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पैशाला पासरी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, तिने नाव घातलं ते ग्रेस गुणांसाठी. ते ती लपवतही नसे. रविवारी नाक्यावर पथनाट्य करायचं, जूनमध्ये खड्डे खणून रोपं लावायची, पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावायची, याचा तिला मनस्वी कंटाळा होता.

ती एस.वाय.ला असताना जुलैत रायगडातल्या एका नदीला पूर आला आणि काठचं गाव दोन दिवस पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळ राहिला. तो उपसायला कॉलेजने एनएसएसचं पथक पाठवायचं ठरवलं. श्रुतिकाचं नाव सगळ्यांत आधी आलं, कारण ती अंगापिंडाने मजबूत होती आणि कामाला नाही म्हणत नसे. पहिल्यांदाच तिला वाटलं, हे काहीतरी खरं काम आहे.

तयारी जोरात झाली. टी-शर्ट आले, प्रत्येकाच्या मापाचे, पाठीवर कॉलेजचं नाव. टोप्या आल्या. बॅनर आला, इतका मोठा की तो धरायला चार जण लागत. बूट सोडून सगळं आलं. बैठकीत श्रुतिकाने विचारलंही होतं, गमबूट मिळणार का. देवदत्त सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी होते. मुलांचे लाडके, मऊ बोलणारे, कोणाचाही वाढदिवस न विसरणारे. ते म्हणाले, ऑफिसला सांगितलंय, बघू. तोवर ज्यांच्याकडे असतील त्यांनी आपापले आणा. श्रुतिकाकडे कॅनव्हासचे जुने बूट होते. ती ते घालून निघाली.

गावात पोचल्यावर पहिल्याच दिवशी चिखलाने ते बूट ओढून घेतले. एकाचा तळ तुटून आतच राहिला. मग ती स्लीपर घालून, आणि स्लीपरही रुतायला लागल्यावर अनवाणी काम करायला लागली. तिच्यासारखे अर्धेअधिक होते. गाळात काय नव्हतं? मेलेल्या कोंबड्या, फुटकी कौलं, गोठ्यातलं शेण, कोणाचं तरी कपाट. पत्र्याने तिची टाच कापली. तिने चिंधी बांधली आणि परत घमेलं उचललं.

तिच्या शेजारी घमेलं घ्यायला गंधाली दामले असायची. मुलुंड पूर्वेची, वडील सीए, आई शाळेत शिक्षिका. तिच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट होते. श्रुतिकाला आधी वाटलं होतं, ही दुसऱ्या दिवशी पळणार. पण गंधाली पळाली नाही. हाताला फोड आले तरी ती थांबली नाही, आणि रात्री गावातल्या शाळेच्या फरशीवर दोघी शेजारी झोपायच्या तेव्हा ती श्रुतिकाची टाच पुसून तिच्यावर हळद लावायची. मैत्री झाली. एका सकाळी गंधालीने डब्यातून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली, ते श्रुतिकाने पाहिलं होतं. तिला वाटलं, ॲसिडिटीची असेल.

प्राचार्य एकदा गाडीने येऊन गेले. गाळात उतरले नाहीत. कोणीतरी टाकलेल्या फळीवर उभे राहिले. फोटोवाल्याने श्रुतिकाचा फोटो काढला, डोक्यावर घमेलं, अंगभर चिखल, दात काढून हसणारी.

परत आल्यावर आठवड्याने तिला ताप भरला. गल्लीतल्या डॉक्टरने व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. मग पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की टेकडीच्या पायऱ्या उतरता येईनात. डोळे लाल झाले, मग पिवळे. लघवी जवळजवळ बंद झाली. नंदकिशोर आणि शेजारच्या एका माणसाने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ती खुर्ची दोघांनी दोन बाजूंनी धरून खाली रस्त्यापर्यंत आणली आणि आईला बरोबर घेऊन रिक्षाने पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथे तपासणारी डॉक्टर वयाने फार मोठी नव्हती. तिने विचारलं, पुराच्या पाण्यात किंवा चिखलात उतरली होतीस का. श्रुतिकाने मान हलवली. पायाला जखम होती? होती. मग डॉक्टरने विचारलं, "आणि गोळी घेतली होतीस ना?"

"कसली गोळी?"

डॉक्टर लिहायची थांबली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा टी-शर्टकडे. श्रुतिकाच्या अंगात तोच टी-शर्ट होता, घरात तेवढाच एक धुतलेला होता म्हणून. "तुमच्या कॉलेजने पाठवलं होतं तुला? आणि गोळी दिली नाही?"

लेप्टो होता. मुंबईच्या पोराला लेप्टो माहीत नसतो असं नाही. दर पावसाळ्यात रिक्षाच्या मागे, दवाखान्याच्या भिंतीवर त्याची पत्रकं लागतात. उंदीर, गुरं मुततात, ते पाण्यात मिसळतं, जखमेतून अंगात जातं. पण श्रुतिकाच्या डोक्यात तो मुंबईच्या गटारातला आजार होता. कोकणातल्या गावात, जिथे आपण लोकांना मदत करायला आलोय, तिथे तो आपल्याला धरेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिच्या मनात यायला हवं होतं असंही नाही. ज्यांनी पाठवलं त्यांच्या मनात यायला हवं होतं.

मूत्रपिंडं थांबली होती. डायलिसिस करावं लागलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मानेत नळी घातलेली, अंगात कापरं, तोंडाला चव नाही. आई खाटेखाली चटईवर झोपायची. नंदकिशोर ड्यूटी संपवून थेट रुग्णालयात यायचे आणि मुलीचे पाय दाबत बसायचे.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाली, आणखी एक दिवस उशीर केला असतात तर मी काही सांगू शकले नसते.

ती सावरत असताना गंधाली भेटायला आली. हातात दोन शहाळी होती. नर्सने ती दारातच काढून घेतली. हिला सध्या हे चालत नाही म्हणाली. गंधाली खाटेच्या कडेला बसली आणि रडायला लागली. श्रुतिकाने तिला रडू दिलं. मग तिला एकदम ती सकाळ आठवली.

"तू ती गोळी घेत होतीस," ती म्हणाली. "ती हीच होती?"

गंधालीने डोळे पुसले. तिच्या आईने त्यांच्या घरच्या डॉक्टरांना विचारलं होतं, आणि त्यांनीच ती लिहून दिली होती. बूटही आईनेच आणले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच माहीत असेल."

श्रुतिका तिच्याकडे बघत राहिली. ओरडायला अंगात ताकद नव्हती, नाहीतर त्या वॉर्डात तमाशा झाला असता. तिला खरा राग आला तो या एका वाक्याचा. सगळ्यांनाच माहीत असेल. म्हणजे सगळ्यांच्या आयांचे घरचे डॉक्टर असतील. सगळ्यांच्या आया बाजारातून बूट घेऊन येतील. गंधाली खोटं बोलत नव्हती, हेच जास्त लागलं. तिला खरंच तसं वाटलं होतं. माझ्या टाचेवर हळद लावत होतीस, श्रुतिकाच्या मनात आलं, आणि तुझ्या डब्यात गोळ्या होत्या.

"तू जा आता," ती म्हणाली.

ती कॉलेजात परतली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. निम्मे केस गळलेले, जिने चढताना दम लागायचा. हजेरी कमी भरत होती म्हणून तिला परीक्षेला बसू देणार नाहीत, असं ऑफिसने सांगितलं. तिने रुग्णालयाचे कागद दाखवले. क्लार्क म्हणाला, नियम तो नियम. आणि त्याच कॉलेजच्या फाटकावर, त्याच आठवड्यात, जाहिरातीचा मोठा फ्लेक्स लागला होता. वर लिहिलं होतं, शिक्षणाबरोबर संस्कार. खाली डोक्यावर घमेलं घेतलेली, चिखलाने माखलेली, हसणारी श्रुतिका.

ती प्राचार्यांच्या खोलीत गेली. प्राचार्य सभ्यपणे बोलले, हीच त्यातली वाईट गोष्ट. त्यांनी तिला बसायला सांगितलं, तब्येत विचारली, तिच्या धैर्याचं कौतुक केलं. मग म्हणाले, हजेरीचा नियम विद्यापीठाचा आहे, त्यात आमचं काही चालत नाही. आणि शिबिराला पालकांनी संमती दिली होतीच. ती म्हणाली, संमती गाळ उपसायला दिली होती, मरायला नाही. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

बाहेर देवदत्त सर उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "बाळ, बुटांसाठी मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं. चुकलं माझं."

"मग आता बोला," श्रुतिका म्हणाली. "आत आहेत ते."

सरांनी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. ते आत गेले नाहीत.

तिचं वर्ष गेलं. तिच्याबरोबरच्या मुली पुढे गेल्या आणि ती त्याच बाकांवर पुन्हा बसली. गंधाली पुढच्या वर्गात गेली, एनएसएसची गटप्रमुख झाली. समोरासमोर आल्या तर गंधाली थांबायची. श्रुतिका थांबायची नाही. आई म्हणायची, विसर आता. पण विसरायला सांगणाऱ्यांना श्रुतिका विचारायची, ज्यांनी केलं त्यांच्यापैकी कोणाला तरी आठवतंय का?

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पूर आला, दुसऱ्या नदीला, दुसऱ्या तालुक्यात. पथक पुन्हा निघणार असल्याचं तिला कळलं. त्या सकाळी ती कॉलेजात पोचली तेव्हा बस फाटकाशी उभी होती. मुलं चढत होती. नवे टी-शर्ट, यंदा निळे. तिने कोणाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने पाय पाहिले. स्पोर्ट्स शूज, फ्लोटर्स, एकीच्या पायात तर पातळ तळाच्या बेली. गंधाली दाराशी नावं घेत होती. तिच्या पायांत गमबूट होते.

श्रुतिकाने देवदत्त सरांना विचारलं, बूट आणि गोळ्या आहेत का. सर म्हणाले, तिथे गेल्यावर बघू.

ती बसच्या पायरीवर चढली आणि दाराच्या दोन्ही दांड्या धरून उभी राहिली. म्हणाली, मग ही बस जाणार नाही.

कोणाला आधी समजलंच नाही. मग सर म्हणाले, श्रुतिका, उतर खाली. गंधाली जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, तू सगळ्यांचा दिवस वाया घालवतेयस, तिकडे लोक वाट बघतायत. श्रुतिकाने तिला उत्तर दिलं नाही. आतून विशाल नावाचा कबड्डीतला आडदांड मुलगा पुढे आला. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं, मग तिला ढकलायला हात पुढे केला. ड्रायव्हर धोंडिराम हे सगळं आरशातून बघत होता. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली आणि विशालला म्हणाला, पोरीला हात लावायचा नाही.

इंजिन बंद झाल्यावर आवाज स्पष्ट ऐकू यायला लागले. प्राचार्य खाली आले. त्यांनी आधी समजावलं, मग शिस्तभंगाची भाषा केली. श्रुतिकाने सगळा भार दांड्यांवर टाकला होता. आजारानंतर इतका वेळ उभं राहण्याची सवय गेली होती. पण तिने आवाज चढवला नाही. ती प्राचार्यांशी बोललीच नाही. आत बसलेल्यांकडे तोंड करून तिने सांगितलं, गेल्या वर्षी फाटकावर ज्या मुलीचा फोटो होता ती मी. चिखलात उतरायच्या आधी एक गोळी घ्यायची असते. ती मला कोणी दिली नाही. मग मला मशीनवर घातलं. ओढणी बाजूला करून तिने मानेवरची खूण दाखवली.

बसमधली मुलं एकमेकांच्या पायांकडे बघायला लागली. मग विशालनेच विचारलं, "सर, ही म्हणते ती गोळी आम्हाला मिळणार आहे का?"

त्याने भांडायला विचारलं नव्हतं. तो घाबरला होता. देवदत्त सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य म्हणाले, असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका. हे ऐकून विशालने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. नाहूरला राहणारी त्याची आई फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होती की पहिल्या तीन रांगांना ऐकू जात होतं. तिने विचारलं, ती मुलगी खरं बोलतेय का? विशाल म्हणाला, मानेला खूण आहे, आई. मग मागच्या एका मुलीने आपल्या आईला फोन लावला. मग आणखी कोणी. थोड्याच वेळात ऑफिसचा फोन वाजायला लागला आणि थांबेचना. देवदत्त सरांचा मोबाइल वाजला, प्राचार्यांचा वाजला. विक्रोळीच्या आया, मुलुंडच्या आया, एक काका थेट स्कूटरवर बसून फाटकाशीच आले. श्रुतिकाचं कोणी ऐकलं नसतं. ती एकटी होती आणि तिचं एक वर्ष गेलेलं होतं. पण आयांच्या फोनपुढे प्राचार्यांचं काही चालेना.

बस त्या दिवशी गेली नाही. दुपारी एलबीएस रोडवरच्या दुकानातून बुटांची पोती आली. जवळच्या पालिका दवाखान्यातली डॉक्टर येऊन सगळ्यांना तपासून गोळ्या देऊन गेली, आणि जाताना देवदत्त सरांना चार शब्द सुनावून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बस निघाली. श्रुतिका त्यात नव्हती. शिस्तभंग म्हणून तिचं नाव योजनेतून कमी करण्यात आलं होतं, आणि ग्रेस गुणही गेले. हे सांगताना प्राचार्य पुन्हा सभ्यच होते.

नंदकिशोरना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाटातला शर्ट काढून त्याला इस्त्री केली. मग म्हणाले, "बाय, उद्या मी तुझ्यावांगडा येतंय कॉलेजात. सुट्टी टाकलंय." ते आले. प्राचार्यांच्या केबिनबाहेर इस्त्रीच्या शर्टात सकाळपासून बसून राहिले. त्यांना आत घेतलं नाही. संध्याकाळी बापलेक चालत घरी आले.

पोचतात न पोचतात तोच गंधालीचा फोन आला. श्रुतिकाने तो उचलला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आम्ही काम सुरू केलं," गंधाली म्हणाली. "सगळ्यांना बूट आहेत. सगळ्यांनी गोळी घेतली, मी स्वतः बघितलं." मग थोडं थांबून, "अजून रागावलीयस?"

"हो."

"बरं."

श्रुतिका फोन ठेवणार होती. मग तिने विचारलं, "गावातल्या लोकांना दिली का गोळी?"

"ते... ते इथलेच आहेत ना," गंधाली म्हणाली.

"म्हणजे? लेप्टो त्यांना ओळखतो?"

श्रुतिकाला, फोन कानाशी तसाच असताना, स्वतःचाच संताप आला. बसच्या पायरीवर उभी राहून ती बुटांबद्दल बोलली, गोळ्यांबद्दल बोलली, सगळं आपल्या टी-शर्टवाल्यांसाठी. गेल्या वर्षी त्या गावात तिच्याबरोबर त्या घरांतली माणसं, बायका, म्हातारे त्याच गाळात अनवाणी उभे होते. त्यांच्यातलं कोण आजारी पडलं, कोण वाचलं, हे तिने वर्षभरात एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

"उद्या सकाळी तिथलं आरोग्य केंद्र शोध," ती म्हणाली. "गोळ्या आहेत का विचार. नसतील तर मला सांग, मी इथून भांडते."

गोळ्या होत्या. खोकेच्या खोके होते. पण त्या वाड्यावाड्यांत पोचवायला एकटी आशा ताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, होती, आणि तिच्या स्वतःच्या घरात गाळ भरलेला होता. गंधालीने निम्मी मुलं गाळ उपसण्यातून काढली. काहींनी आशा ताईचं घर साफ केलं, बाकीची तिच्याबरोबर दारोदार गेली. पायांना जखमा असलेले, आधीच ताप भरलेले किती सापडले, ते गंधालीने संध्याकाळी फोनवर सांगितलं. दोघांना तालुक्याच्या रुग्णालयात हलवलं होतं. देवदत्त सर स्वतः त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेले होते, असंही ती म्हणाली.

श्रुतिकाने ऐकून घेतलं. शाबासकी दिली नाही.

"पलीकडच्या काठावरही वाड्या असतील," ती म्हणाली. "तिकडे कधी जाताय?"